कवडूजी आठवं घर पाहायला गेले

"बाबा, आज तुमी नाई म्हनून आले, तं पुढं कोनालेच पाहू नका. मी पुन्हा पाटावर बसनार नाई."

नलूने पाण्याचा गडवा बापासमोर ठेवला आणि उभीच राहिली. कवडूजी भिंतीवरच्या आरशात पाहून टोपी सारखी करत होते. टोपीची डावी कड खाली वाटत होती. ती वर केली, तर उजवी खाली आली.

"हळू बोल."

"हळूच बोलून राह्यली."

खरंच हळू बोलत होती. चुलीपाशी बसलेल्या अन्नपूर्णाबाईंना त्याचीच धास्ती वाटली. नलू आदळआपट करून बोलली असती, तर तासाभरात विसरली असती. चोवीस वर्षांची मुलगी आवाज खाली ठेवून बोलते, तेव्हा ती बोललेलं करते.

"सात झाले, बाबा. हिंगणघाटच्याले काऊन नाई म्हटलं?"

"त्याईच्या घराची चौकट वाकडी होती."

"चौकट मी नेसनार होती काय?"

"चौकट वाकडी, अन् वीस वर्षांत घरातल्या एकालेबी दिसली नाई. अशा घरात..."

"अन् आर्वीचा?"

"एकाच गालानं चावत होता."

"दात दुखत असंल त्याचा."

"मंग सांगाचं होतं, दात दुखते म्हनून. लपवलं काऊन?"

"अन् देवळीचा तं..." नलू थांबली. देवळीचा तिलाही आवडला नव्हता, म्हणून तिने तो सोडून दिला. "आजचा मी सांगतला हाय. माह्या तोंडानं सांगतला. त्याच्यात काय हाय अन् काय नाई, थे मले ठाऊक हाय. तुमी जा, पाहून या. पन काय बोलाचं, थे इचार करून बोला."

ती आत गेली. पाण्याचा गडवा तसाच राहिला. कवडूजींनी तो उचलला, बुडाला काही लागलंय का ते पाहिलं, आणि मग पाणी प्यायले.

एकोणऐंशी सालचा जानेवारी होता, रविवार होता, गिरणीला सुटी होती.

कवडूजी पुलगावला गिरणीच्या फोल्डिंग खात्यात होते. मागावरून उतरलेलं कापड शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. खिडकीच्या उजेडात, तिरप्या फळीवरून ताका हळूहळू सरकायचा आणि कवडूजी पाहायचे. तुटलेली तार, गाठ, तेलाचा ठिपका, विणीत विरळ पडलेली पट्टी. खोट दिसली की त्या जागी कापडाच्या काठाला बोटभर लाल दोरा बांधायचा. एका ताक्याला आठाच्या वर दोरे झाले की ताका बाद. तो बाहेरगावी जात नसे. गिरणीच्या फाटकाजवळच्या दुकानात कामगारांना स्वस्तात मिळे. बावीस वर्षं कवडूजींनी हेच केलं होतं. डोळे कापडावर आणि डाव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवर. एक खोट, एक पेर.

त्यांच्या आधीची तीन मुलं गेली, म्हणून आईने चौथ्याला जन्मल्याबरोबर शेजारणीला एका कवडीत विकलं होतं आणि तिच्याकडून परत मागून घेतलं होतं, देवाची नजर त्याच्यावर पडू नये म्हणून. त्यावरून नाव कवडू. "देवाची नजर चुकवून आला, अन् आता याच्या नजरेतून कोनी सुटत नाई," असं खात्यातली माणसं म्हणत. हसून म्हणत, पण कवडूजी पाठमोरे झाल्यावर म्हणत.

पाळी संपली तरी ते डोळे काही मिटत नसत. भाकरीचा काठ एका अंगाला जाड. अंगणातल्या सड्यात एक कोरडं राहिलेलं ठिकाण. अन्नपूर्णाबाईंनी लावलेलं कुंकू जवभर उजवीकडे. ते रागावत नसत, ओरडत नसत. फक्त सांगत. जेवताना सांगत, चालताना सांगत, झोप लागता लागता सांगत. "वरच्या फळीवरचा तिसरा डबा पुढं आला हाय." अन्नपूर्णाबाई उठून डबा मागे सारत.

चार दिवसांपूर्वी नलूने बबनचं नाव काढलं. वर्ध्याला डी.एड. करताना दोन वर्षं दोघांनी एकाच पॅसेंजरने ये-जा केली होती. आता तो समुद्रपूर तालुक्यात प्राथमिक शाळेवर लागला होता. आपल्यातलाच होता, नात्यागोत्याची काही अडचण नव्हती.

"बोलताना अडते तो," तिने आपणहून सांगून टाकलं. "कधी कधी एकाच शब्दावर लय वेळ अडते. पन पुढं जाते."

कवडूजींचा घास हातात थांबला. "तोतरा?"

"अडते म्हटलं मी."

"बाप कोन त्याचा?"

"लहानूजी. गिरणीतच आहेत. मागावर."

"कोनता लहानू?"

नलूने ताटाकडे पाहत सांगितलं, "एकशे बारा नंबरवाले."

प्रत्येक ताक्याच्या टोकाला मागाचा नंबर मारलेला असतो. कवडूजींना माणसांचे चेहरे आठवत नसत, नंबर आठवत. एकशे बारा. पंधरा वर्षं त्या नंबराला त्यांनी लाल दोरे बांधले होते. बाद झालेल्या ताक्यांपायी लहानूजींनी मुकादमाची बोलणी खाल्ली होती, आणि तेव्हापासून कॅन्टीनमध्ये कवडूजी आले की लहानूजी पाठ करून बसत. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सरका रे, दोरेवाले आले. कोनाच्या शेंडीले बांधतीन सांगता येत नाई."

"पहिले घर पाहीन, मंग पोट्टा," कवडूजी म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा नियम. सातही वेळा त्यांनी हेच केलं होतं, आणि पाच वेळा तर मुलापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती.

आता ते टोपी घालून निघाले, तर दारात अन्नपूर्णाबाई. धुवट लुगडं नेसलेल्या, पायात वहाणा.

"कुठं?"

"तुमच्यासंग."

"बाया घर पाहाले जात नसतात."

"आज जाते."

सव्वीस वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या. कवडूजी काही म्हणणार तोवर त्या चार पावलं पुढे निघून गेल्या होत्या.

रेल्वेच्या फाटकाशी थांबावं लागलं. दारूगोळ्याच्या डेपोकडची मालगाडी होती, बंद डब्यांची, संपता संपेना. फाटकाच्या दांड्याजवळ दोघं उभे राहिले.

"लहानूनं आपल्याले बोलावलं काऊन असंल?" कवडूजी म्हणाले.

"पोराचं लग्न कराचं हाय म्हनून."

"नाई. पंधरा वर्षांचं धरून बसला असंल तो. घरी बोलवून इज्जत उतरवते माही. चार लोकांपुढं नाई म्हनंल, अन् पोरीचं नाव गावभर होईल."

"तं परत चला."

कवडूजी परत फिरले नाहीत. डबे मोजत राहिले. मग दांडा वर गेला.

रुळांपलीकडच्या आळीत लहानूजींचं घर. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे शेणाने सारवलेलं छोटं अंगण. दारात लहानूजी उभे होते, काटकुळे, बनियन घातलेले, हात पाठीशी बांधलेले. पाहुणे येणार माहीत असून सदरा घातला नव्हता. मुद्दामच घातला नसावा.

"या जी. वहिनीबी आल्या. मंदा, दोघं आहेत वं." मग खाटेकडे हात केला. "बसा, कवडूजी. लाजू नका, तुमचंच हाय."

कवडूजी बसायला वाकले आणि अर्ध्यातच राहिले. खाटेवर निळ्या रेघांची चादर होती. तिच्या काठाला लाल दोरा होता. दोन गाठी मारून बांधलेला, दुसरी गाठ उलटी. तशी गाठ गिरणीत एकच माणूस मारत होता.

त्यांनी वर पाहिलं. खिडकीच्या पडद्याला तीन दोरे. उशीच्या अभ्र्याला एक. पाण्याच्या माठावर झाकलेल्या फडक्याला एक. खुंटीवरच्या पिशवीला दोन. आतल्या खोलीच्या दाराला जो पडदा होता, त्याच्या दोन्ही काठांना इतके दोरे होते की लांबून ती झालर वाटावी.

"मोजा," लहानूजी म्हणाले. "मंदा, तो पडदा इकडं ओढ. पाहुन्याले पुरा दिसून नाई राह्यला."

मंदाबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या होत्या. "राहू द्या ना जी. पाहुने आहेत."

"पाहुने आहेत म्हनूनच दाखवतो. लोकं पाहुन्याले फोटो दाखवतात. आपल्या घरी हेच हाय. हा पडदा शहात्तरचा, अकरा दोरे. ही चादर त्याच्या आधीची. बबन पाचवीत गेला तवाचा सदरा पन तुमच्याच हातचा होता, तो फाटला. नाई तं तोबी दाखवला असता."

"दोरे काढले काऊन नाई?" कवडूजींनी विचारलं.

"काहाले काढू? तुमी इतक्या मेहनतीनं बांधले."

अन्नपूर्णाबाई खाटेच्या कडेला बसल्या. कवडूजींनाही बसावं लागलं. मंदाबाईंनी आत जाऊन चहाची कपबशी हलवल्याचा आवाज झाला, आणि पडदा सारून बबन बाहेर आला.

उंच, जरा पोक काढून चालणारा, केस नीट विंचरलेले. ट्रे ठेवताना हात थरथरले नाहीत. वाकून दोघांना नमस्कार केला.

"न... नमस्कार."

कवडूजींचा डावा हात मांडीवर होता. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला.

"शाळेत पोरं किती?"

"चौ... चौ... चौऱ्याऐंशी."

दुसरं पेर.

"मास्तर किती?"

"मी अन् ह... ह... हेडमास्तर. दो... दोघंच."

तिसरं, चौथं. कवडूजींना आपण मोजतो आहोत हे कळत नव्हतं. ते फक्त पाहत होते, टेबलावर ताका सरकतो तसं. मुलाचे ओठ कुठे घट्ट होतात, मान कुठे पुढे येते, शब्द कुठे तुटतो. अंगठा आपोआप पुढे जात होता.

"इथून जाता का तिकडंच राहता?"

"त... त..."

"पाच झाले ना, कवडूजी?"

लहानूजींनी शांतपणे विचारलं. ते मुलाकडे पाहतच नव्हते, कवडूजींच्या हाताकडे पाहत होते. गिरणीत त्या अंगठ्याला कोण ओळखत नव्हतं.

बबनने बापाकडे पाहिलं, मग कवडूजींच्या मांडीवरच्या हाताकडे. काय चाललं होतं ते त्याला उमगलं. त्याचे कान लाल झाले. उत्तर अर्धंच राहिलं होतं, ते त्याने पुरं केलं नाही. आत निघूनही गेला नाही. ट्रेपाशी तसाच उभा राहिला.

तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी, परक्या घरात, परक्या माणसांसमोर, नवऱ्याच्या हातावर आपला हात ठेवला. अंगठा दाबून धरला.

"बाहेर चला जरा," त्या म्हणाल्या. आणि मंदाबाईंना, "आलोच, बाई. चहा राहू द्या."

घराच्या मागे कडुनिंबाखाली धुणं धुवायचा दगड होता. तिथे गेल्यावर त्यांनी हात सोडला.

"लग्नाच्या चवथ्या दिवशी तुमी मले काय म्हटलं होतं, आठवते?"

"आता हे काय काढलं?"

"तुही डावी भिवई अर्धीच हाय, म्हटलं होतं."

"हाय तं हायच अर्धी."

"सव्वीस वर्षं मी आरशात पहिले थेच पाहते. कुंकू लावाच्या आधी. कुठं लग्नाले जाची असली तं त्या बाजूनं पदर घेते. नलू झाली, तं मी सुइनीले पहिले इचारलं, पोरीच्या भिवया पाहा म्हनून."

कवडूजींना हे ठाऊक नव्हतं. पदर डावीकडून येतो, हे तर त्यांना दर वेळी दिसत होतं. का येतो, हे कधी दिसलं नव्हतं.

"मी वाईट नव्हतं म्हटलं," ते शेवटी म्हणाले.

"मंग काय म्हटलं होतं?"

"तू चूल फुंकत होती. धूर गेल्यानं डोळे मिटले होते तुहे. तवा दिसली मले. मले वाटलं..." ते अडले. "मले वाटलं, हे मलेच दिसलं. तुह्या मायबापालेबी दिसलं नसंल. म्हनून सांगतलं."

"हे पुढचं नाई सांगतलं. गोष्टबी अर्धीच सांगतली."

"खोट दिसली की सांगाची, तेवढंच कराची सवय."

"त्या पोरामधी आज तुमाले पाच दिसल्या. घरी जाऊन नलूले पाचच सांगान. अन् मंग ती बसंल आपल्या घरी जलमभर. तुमी रोज तिच्याबी मोजान."

कवडूजी दगडावर टेकले. समोर आळीतल्या अंगणा-अंगणांत दोऱ्या बांधल्या होत्या, रविवारचं धुणं वाळत होतं. पलंगपोस, झबली, परकर, कोणाचे पायजमे. इथूनही त्यांना ओळखू येत होतं. त्या पिवळ्या परकराच्या कापडात दर हाताला एक गाठ येत होती, तो एकशे चाळीसचा. ती झबली ज्या ताक्याची होती, त्यावर तेलाच्या थेंबांची रांग होती, मुंग्यांसारखी. इथे राहणाऱ्या कोणाचं नाव त्यांना धड सांगता आलं नसतं, पण वाळत घातलेल्या एकेका कापडाशी त्यांची ओळख होती.

"एक सांगू काय तुले?" ते म्हणाले. "चांगला ताका मले एकबी आठवत नाई. बावीस वर्षांत हजारो गेले असतीन. नागपूर गेले, कलकत्ता गेले. सरकन् हाताखालून गेले, अन् गेले. कसे होते, मले नाई सांगता येनार. हे सारे आठवतात. हेच गावात राह्यले."

अन्नपूर्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. नवरा इतकं सलग बोललेला त्यांनी ऐकला नव्हता.

"आपल्या घराचंबी तसंच हाय," ते पुढे म्हणाले. "पायरी फुटकी हाय तिथं पाय आपोआप लांब पडते माहा. ज्या दिवशी कोनी ती दुरुस्त करंल, त्या दिवशी मी पडीन."

"हे माह्याजवळ बोलून काय फायदा? आत जाऊन बोला."

"आत तो मले खाऊन टाकंल."

"तं खाऊ द्या. पोरीसाठी एवढं करा."

दोघं परत आले, तेव्हा चहावर साय धरली होती. लहानूजी दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. बबन उभाच होता. मंदाबाई पडद्याआड होत्या, त्यांची बोटं तेवढी पडद्याच्या काठावर दिसत होती.

"काय ठरलं मंग?" लहानूजींनी विचारलं. "पास का बाद?"

"पास-बाद कराले मी कोन?"

"हे आता समजलं तुमाले." लहानूजी सरळ बसले. "पोराचा बाप मी हाय. हो म्हनाचं का नाई, थे मी ठरवीन. तुमची पोरगी चांगली हाय, पॅसेंजरमधी मी पाह्यली हाय तिले. पन पोरीसंग बाप येते. म्हनून एक इचारतो, अन् खरं सांगा. पंधरा वर्षांत एकशे बाराचा एखांदा ताका डोळे झाकून सोडावा, असं वाटलं काय कधी?"

अन्नपूर्णाबाईंनी श्वास धरला. एक गोड शब्द, आणि सगळं सुरळीत झालं असतं. नलूचा घरातला तो खाली ठेवलेला आवाज त्यांच्या कानात होता.

"वाटलं," कवडूजी म्हणाले.

"सोडला काय?"

"नाई."

"काऊन?"

"खोट होती."

पडद्याच्या काठावरची बोटं आत गेली. लहानूजी हसले, पण हसू तोंडातच राहिलं. "म्हंजे पुढंबी सोडनार नाई. इवाई झाले तरी नाई."

"नाई."

"लय मोठे लोक तुमी."

"एक सांगू द्या," कवडूजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला होता. "चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. मे महिन्याचा दुसरा हप्ता. एकशे बाराचे तीन ताके लागोपाठ आले माह्याकडं. तिन्हीमधी पट्ट्याच पट्ट्या. माग थांबवून पुन्हा चालू केला की पट्टी पडते, हे तुमाले काय सांगाचं. मागाची खोट असती तं एकसारखी आली असती. ही तशी नव्हती. कुठं हातभर कपडा चांगला, मंग पट्टी. मंग दोन हात चांगला, मंग तीन पट्ट्या जवळजवळ. मी म्हटलं, हे मागाचं नोय. हा मानूस घडोघडी माग थांबवून राह्यला. उभा तिथं हाय, पन तिथं नाई. याच्या घरी कायतरी झालं."

बाहेर कोणी हापसा मारत होतं.

"चवथा ताका नीट आला," कवडूजी म्हणाले. "मंग मले बरं वाटलं."

लहानूजी जमिनीकडे पाहत होते. बोलले, तेव्हा आवाजातली धार गेली होती. "माय गेलती. तिसऱ्याच दिवशी कामावर आलतो मी. सुटी नव्हती."

"हो."

"खात्यात कोनाले समजलं नव्हतं. शेजारच्या मागावरच्यालेबी नाई. तुमाले समजलं, मंग एखांदा शब्द काऊन नाई बोलले?"

कवडूजींनी बराच विचार केला. खोटं सांगता आलं असतं, अजूनही.

"काय बोलावं, थे समजलं नाई. दोरे बांधले."

लहानूजींनी साय धरलेला चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. कप खाली ठेवला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "मंदा, चहा दुसरा टाक. हा थंडा झाला." आणि उठून खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला.

अन्नपूर्णाबाईंनी धरलेला श्वास सोडला.

"माह्याकडून ना नाई," सदऱ्याच्या गुंड्या लावता लावता लहानूजी म्हणाले. "पन एक हाय. लग्नाच्या मांडवात, पंगतीत, माह्या लोकांमधी कोनाची खोट काढाची नाई."

"अन् दिसली तं?"

"दिसली तं मले येऊन सांगाची. दुसऱ्या कोनाले नाई."

कवडूजींनी मान हलवली. मग बबनकडे वळले. मुलगा अजून ट्रेपाशीच होता. कान आता लाल नव्हते, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

"मास्तर," कवडूजी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी त्याला हाक मारली. "मघा तुमचं बोलनं राह्यलं होतं."

घरी परतेपर्यंत उन्हं कलली होती. नलू ओसरीत तुरी पाखडत बसली होती. सूप हातात होतं, पण पाखडणं कधीचं थांबलं असावं. तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, काही कळलं नाही. कवडूजींनी वहाणा काढल्या, खांबाला टेकून बसले.

"पाहून आले?" तिने विचारलं.

"आलो."

"किती निघाल्या?"

"लय. घरातली मडक्याईची उतरंड कललेली हाय. बाप तिरपा बोलते. माय पडद्याआड राहून सारं ऐकते. अन् पोट्ट्याचं तं तुले ठाऊकच हाय."

नलूने सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. तिचे डोळे भरले नव्हते, नुसते कोरडे झाले होते. "बरं," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"बस. माहं पुरं झालं नाई." कवडूजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "साक्षगंधाची तारीख त्याईले काढाले सांगतली. पुढच्या महिन्यातली."

नलू उभी होती तशीच खाली बसली. अन्नपूर्णाबाई आत चुलीकडे गेल्या होत्या, तिथून काटक्या मोडल्याचा आवाज येत होता.

"बाबा," मग तिने विचारलं, "तो बोलला काय तुमच्यासंग?"

"बोलला. म्हने, शाळेच्या गावातच खोली घेतली हाय, अन् खोलीसमोर हिर हाय. पानी गोड हाय म्हने."

"इतकं बोलला?"

"लय वेळ लागला."

नलूने खाली मान घातली. "मंग तुमी काय केलं?"

"काय करतो," कवडूजी म्हणाले. "दोन्ही हातानं कप धरून चहा पेला."